सर्व्हरचे दुसरे मूत्रपिंड

एक मूत्रपिंड हळूहळू निकामी झाले तरी दुसरे काम ओढत राहते आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो आमच्याकडे येतो, ते दुसरेही कुरकुरू लागल्यावर. रुग्णालयातल्या सर्व्हरचेही असेच असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, सीटी स्कॅन आता हार्ड डिस्कवर असतात. डिस्क कधी ना कधी बंद पडणारच, म्हणून तीच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहितात. या जोडणीला ‘रेड’ म्हणतात. लिनक्स या मोफत प्रणालीत ती वेगळे कार्ड न घेता करता येते. सरकारी खरेदीची फाईल ज्याने फिरवली आहे, त्याला याचे मोल सांगायला नको.

पूर्वी एका रुग्णालयात दोनपैकी एक डिस्क कधी गेली, हे कुणालाच ठाऊक नव्हते. बिघाडाचा ई-मेल कुणाला जावा, तो रकाना जोडणीच्या वेळी रिकामाच राहिला होता. काम तर चालू होते! मग दुसरीही गेली. फुप्फुसात गाठ असलेल्या एका बाईंचा जुना स्कॅन त्यातच होता. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे त्यांना सांगायला माझ्याकडे काहीच उरले नाही.

वेळीच कळले आणि नवी डिस्क घातली, तरी ती भरेपर्यंत जुनी एकटीच असते. सर्व्हरवर कामाचा ताण असला की लिनक्स ही भरणी मंद करते. मूळ किमान वेग सेकंदाला फक्त १ एमबी. त्या वेगाने ४ टीबी भरायला दीड महिना लागेल, २०० एमबीने साडेपाच तास. हा किमान वेग वाढवूनच ठेवावा, असे माझे मत आहे. ओपीडीची रांग रेंगाळेल, लोक चार शब्द सुनावतील. सुनावू देत.

एवढे करूनही हा बॅकअप नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सायबर हल्ल्याने सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद झाली आणि ओपीडी कित्येक दिवस कागदावर चालली. अशा हल्ल्यात जोडीची डिस्कही त्याच क्षणी बिघडते. आणि आपल्याकडे पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरच्या एका पेटीतल्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतात. तिसरी प्रत सर्व्हरपासून तोडलेली आणि पुराच्या रेषेबाहेर हवी.

वॉर्डात सकाळची फेरी कुणाची, हे फळ्यावर लिहिलेले असते. डिस्क रोज कोण पाहणार, त्याचेही नाव तिथेच लिहा.