अंगण कोणाचे?

दिवाळी जवळ आली की आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या घराघरांतून एक मोठे स्थलांतर सुरू होते. माळ्यावरची फुटकी बादली, रंगाचे रिकामे डबे, कान तुटलेली कुंडी, स्कूटरचा झिजलेला टायर ही सारी मंडळी झाडूच्या धाकाने घराबाहेर पडतात. त्यांना कचरागाडीपर्यंत पोचवावे एवढा उत्साह मात्र यजमानांच्या अंगी उरलेला नसतो. मग इमारतीच्या मागे नाहीतर जिन्याखाली त्यांची कायमची वस्ती होते. घर लख्ख, अंगण उकिरडा!

वाड्याच्या चौकात सडा कोणी घालायचा हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. सोसायटीत अंगण सर्वांचे झाले आणि बारभाई कारभार सुरू झाला. कायद्यात तशी संदिग्धता नाही. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने सदनिकेच्या मालकाला सामाईक जागेतही अविभक्त हिस्सा दिला आहे. गाडी लावताना हा हिस्सा आपल्याला इंचासकट आठवतो. अडगळ काढा म्हटले की उत्तर येते, "आम्ही मेंटेनन्स भरतो ना!" अहो, झाडणाऱ्या मावशी फरशी झाडतील, तुमचा टायर टाकायचा की ठेवायचा, हे त्यांनी कसे ठरवावे?

प्रश्न नुसत्या टापटिपीचा असता तर दिवाळी अंकातली जागा मी अडवली नसती. जायकवाडीचे एवढे मोठे धरण हाकेच्या अंतरावर असूनही आपल्या नळांना काही दिवसांआड पाणी येण्याची वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळे दारोदार पिंपे भरलेली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटार शोधत बसत नाही. त्याच्या मादीला हेच साठवलेले स्वच्छ पाणी आवडते, आणि टायरात साचलेले पावसाचे पाणीही चालते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरे होतात. नुसते पाणी ओतून देऊनही भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात, महिनोन् महिने कोरडी टिकतात आणि पुन्हा पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप आतून खसाखसा घासायला हवे, घट्ट झाकायला हवे. हा डास फार लांब उडतही नाही. तेव्हा आपल्या पोराला भरदिवसा चावलेला डास बहुधा आपल्याच जिन्याखाली जन्मलेला असतो!

आपली घाण दुसऱ्याच्या दारात लोटली की ती संपली, असे आपण शहर म्हणूनही समजत होतोच. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि पुढे कित्येक दिवस रस्तोरस्ती ढीग साचले. त्या गावकऱ्यांचेही ते अंगणच होते.

आमच्या इमारतीत रविवारी सकाळी प्रत्येक मजल्यावरचा एकजण खाली उतरतो. अर्ध्या तासाचे काम असते. निम्मा वेळ तर चहात आणि टायर कोणाचा या वादात जातो. यंदा एक गोष्ट आम्ही आधीच ठरवली आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी कोरडी करून, पुसूनच कुलूप लावायचे, आणि गच्चीची किल्ली शेजारी ठेवून जायचे.