आवडीचं बोलू द्या, मग निबंध लिहायला सांगा



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. वह्या तपासायला बसलं की पानोपानी सचिन तेंडुलकर. तीच जन्मतारीख, तेच मुंबई, शेवटी तेच 'म्हणून तो मला खूप आवडतो'. सचिन २०१३ मध्ये निवृत्त झाला. आपल्या वर्गातल्या बहुतेक लेकरांनी त्याला मैदानावर खेळताना पाहिलेलंच नाही. मग हा आवडता खेळाडू कुणाचा? गाईडचा!

खरी आवड मधल्या सुट्टीत ऐकू येते. मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी मैत्रिणींना 'बीटीएस' या कोरियन गटाबद्दल सांगत होती. सात जणांची नावं, कोण गातो, कोण नाचतो, सगळं हातवारे करून, न अडखळता. मी जवळ गेलो तशी गप्प झाली. मी म्हणालो, "हे कोरियाचं खूळ सोड अन् धडा वाच." पोरी हसल्या, तीही हसली. पण त्यानंतर ती माझ्याशी मोकळेपणानं बोलली नाही. तोंडी परीक्षेत दोन वाक्यांवर थांबायची. चूक माझी होती, हे मला उशिरा कळलं.

आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली डिसेंबर २०२४ ची बातमी आठवते का? तीन अल्पवयीन मुली घरातून निघाल्या. पुण्याला जाऊन पैसे कमवायचे आणि बीटीएसला भेटायला दक्षिण कोरियाला जायचं, असा त्यांचा बेत होता. आपलं अपहरण झाल्याचा बनाव त्यांनी फोनवर केला. पोलिसांनी त्यांना सोलापूर जिल्ह्यात मोहोळला एसटीतून उतरवून घेतलं, म्हणून थोडक्यात निभावलं. आपण सगळे या बातमीवर हसलो. मला मात्र नंतर भीती वाटली. माझ्या वर्गात असा बेत शिजत असता, तर मला तो कुणी सांगितला असता का? मी तर ते दार आधीच लावून घेतलं होतं. एरवी मोठ्या माणसाशी बोलता बोलता पासपोर्ट कसा निघतो, विमानाला किती पैसे लागतात, हे सहज निघालं असतं. त्या सातांपैकी पाच जण तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होते, हेही निघालं असतं. भूगोल, गणित, नागरिकशास्त्र, सगळंच त्यात आलं की!

बरं, वेड काय फक्त पोरांनाच असतं? आपल्या बीडच्या सचिन धसचं नाव वडिलांनी तेंडुलकरच्या प्रेमापोटी ठेवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ४ बाद ३२ असा अडचणीत असताना त्यानं ९६ धावा काढल्या, तेव्हा आपण टपरीवर, लग्नाच्या पंगतीत दुसरं काही बोललोच नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे धावतो, तेव्हाही तसंच. नेत्यांबद्दल तर आपण तासन् तास बोलतो. मोठ्यांचा तो अभिमान आणि लेकरांचा तो 'नाद', हा न्याय कुठला?

कुणी म्हणेल, "सर, असं ऐकत बसलं तर पोरं मोबाईल खालीच ठेवणार नाहीत." काळजी रास्त आहे. मोबाईलला वेळेची मर्यादा हवीच, अनोळखी माणसाशी ऑनलाईन बोलण्यावर लक्षही हवं. पण ज्याच्याशी लेकरू बोलतं, त्याचंच ते ऐकतं. आपल्याकडं तर ऊसतोडीला गेलेले आईबाप कित्येक महिने घरी नसतात. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या पोराचं त्या काळात बोलणं कुणाशी होतं? बऱ्याचदा मोबाईलशीच. आपण कान दिला नाही, तर दुसरं कुणीतरी देईल.

उलट बाजूही शिकवायला हवी. आपल्या आवडीचं बोलताना समोरच्याचं भान ठेवावं लागतं. समोरच्याला विषय माहीत नसेल तर आधी थोडक्यात सांगावं. तो इकडंतिकडं बघू लागला की थांबावं. "तुला काय आवडतं?" असं विचारावं. दुसऱ्याच्या आवडीला हसू नये. पुढं मुलाखतीत, नोकरीत, पाहुण्यारावळ्यांत हेच कामी येतं.

मी आता दर शनिवारी वीस मिनिटं काढतो. एका मुलानं दोन मिनिटं आपल्या आवडीवर बोलायचं, मग तिघांनी प्रश्न विचारायचे. नारुतो झाला, शिनचॅन झाला, एकानं तर बैलगाडा शर्यतीतल्या बैलांवर भाषण ठोकलं. निबंध त्यानंतर. वह्यांत चुका पुष्कळ असतात, पण वाक्यं त्यांची स्वतःची असतात.

पालकहो, तुम्ही आज एवढंच करा. जेवताना लेकराला विचारा, "काय बघायलास रे एवढं? मला बी सांग की." आणि ताट संपेपर्यंत मधे बोलू नका.