खंडेनवमीच्या पाटावरील मुके यंत्र

आश्विन शुद्ध नवमीस घरोघरी आयुधे पाटावर मांडली जातात. कोयता, विळा, कुदळ, करवत, रंधा, शिवणयंत्र आणि गेल्या काही दशकांत त्यांच्या पंक्तीस येऊन बसलेले विजेचे ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर. हळदकुंकू, अक्षता व झेंडूचे फूल वाहून हत्यारांना त्या दिवसापुरती विश्रांती द्यावयाची, ही आपली रीत. परंतु अलीकडे या पाटावर पुजलेले ड्रिल वर्ष-दोन वर्षे बंदच पडलेले असते. घरधनी त्यास भक्तिभावाने नमस्कार करतो आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर बाजारातून नवे आणतो. जुने पुन्हा माळ्यावर जाते. ही पूजा आम्हांस अपुरी वाटते.

अज्ञातवासास निघालेल्या पांडवांनी शमीवृक्षावर शस्त्रे ठेवली, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असते. मात्र ठेवण्यापूर्वी त्यांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या, हा महाभारतातील तपशील फारसा कोणी सांगत नाही. दोरी वर्षभर ताणलेली राहिली तर धनुष्याचा जोर जातो, हे धनुर्धरास वेगळे सांगावे लागत नसे. शस्त्राविषयीचा आदर त्याची निगा राखण्यात दिसत होता.

विजेच्या यंत्रात काय दडले आहे ते आपणांस कळावयाचे नाही, असा एक समज मात्र आपण करून घेतला आहे. वास्तविक हातात धरून चालविण्याचे विजेचे ड्रिल १८९५ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कारखान्यात तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाची कळ यांचे पेटंट १९१७ साली अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीस मिळाले. वायरवर चालणाऱ्या साध्या ड्रिलची ठेवण त्यानंतर मुळातून बदललेली नाही. म्हणूनच त्याचे नेहमीचे आजारही मोजकेच आहेत.

पहिला संशय कार्बनवर घ्यावा. फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचविणारे हे दोन छोटे ठोकळे घासून झिजण्यासाठीच बनविलेले असतात. यंत्र मधूनच बंद पडते, थाप मारली की पुन्हा सुरू होते, आत ठिणग्या वाढलेल्या दिसतात, ही त्यांच्या झिजेची लक्षणे. कार्बन पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उरला की बदलावा, आणि एक झिजला तरी जोडीने बदलावा. जुना कार्बन खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानी जावे; साध्या यंत्राची जोडी बहुधा शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळते. किंचित जाड आला तर पॉलिश पेपरवर घासून तो खाचेत सहज सरकेल एवढा करावा. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर तो टेकतो त्या काळवंडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसाव्यात. लोखंडाला वापरतात तो काळा एमरी कागद तेथे नको, कारण त्याचे वीजवाहक कण फटीत अडकतात. मग यंत्र काही मिनिटे भाराविना चालवावे, म्हणजे कार्बन नीट बसतो. एवढ्यानेच कित्येक ‘मेलेली’ यंत्रे उठून बसतात.

दुसरा संशय वायरवर. मुठीत शिरते तेथेच ती वारंवार वाकते आणि वरचे आवरण शाबूत असताना आतून तुटते. वीतभर कापून पुन्हा जोडली की झाले. गिअरमधले वाळलेले ग्रीस रॉकेलने धुऊन नवे भरणे, खडखडणाऱ्या बेअरिंगवरचा क्रमांक वाचून तसेच दुसरे आणणे, हीदेखील घरची कामे होत.

काटकसरीला मर्यादा आहे, आणि ती जिवाची आहे. यंत्र उघडण्यापूर्वी केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लग काढलाच पाहिजे. जुन्या धातूच्या अंगाच्या यंत्रास तीन पिनांचा प्लग व जोडलेली अर्थिंगची वायर हवीच. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी आवरणाच्या यंत्रासच दोन वायरी चालतात. ग्राइंडरचे संरक्षक कवच ‘आड येते’ म्हणून काढणारे कारागीर आम्ही पाहतो. त्यांना काय म्हणावे! त्याच्या चकतीवर मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते. ती उलटलेली किंवा तडा गेलेली चकती कितीही नवी दिसो, फेकून द्यावी. आर्मेचर जळल्याचा वास आला तर रिवाइंडिंगवाल्याकडे जावे, आणि लिथियम बॅटरीची पेटी घरी मुळीच फोडू नये. जे खरोखर संपले ते भंगाराच्या गाडीवर टाकण्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत विजेची हत्यारेही येतात.

हे सारे अष्टमीपूर्वीच उरकावे, कारण नवमीस हत्यार चालवावयाचे नसते. घरातील मुलामुलींना शेजारी बसवावे. पेचकस कसा धरावा हे त्यांना शाळेत क्वचितच दाखवितात. आणि पूजा करताना कुंकवाचे बोट बाहेरच्या कवचासच लावावे, हवेच्या झरोक्यांतून अक्षता वा कुंकू आत जाऊ देऊ नये. पळीतले पाणी तर यंत्रावर शिंपडूच नये. फुलाने कलशाभोवतीच प्रोक्षण करावे.