रहस्य कोणाचं, भीती कोणाची?



रहस्यपट बघताना आपण नकळत कोणाची तरी बाजू घेतो. 'दृश्यम' (2015) बघताना अख्खं थिएटर विजय साळगावकरच्या बाजूने होतं. मीसुद्धा. चौथी शिकलेला, गोव्यातल्या एका गावात केबलचा धंदा करणारा हा माणूस पोलीस खात्याला पुरून उरतो, तेव्हा शिट्ट्या पडल्या. जितू जोसेफ यांच्या 2013 च्या मल्याळम चित्रपटावरून 'डोंबिवली फास्ट'च्या निशिकांत कामत यांनी तो हिंदीत केला. बांधणी पक्की आहे, यात वाद नाही.

पण हे सारं रहस्य ज्या भीतीवर उभं आहे, तिच्याबद्दल पडद्यावर कोणी एक प्रश्नही विचारत नाही. कॅम्पला गेलेल्या अंजूचं आंघोळ करतानाचं चित्रण एक मुलगा मोबाइलवर करतो आणि ते घेऊन तिच्या घरी येतो. आई हात जोडते, गयावया करते. तेव्हा तो म्हणतो, मुलगी नाही तर तू. अंजू त्याचा फोन फोडायला जाते, वार डोक्यात बसतो आणि तो मरतो. मुलगा पोलीस महानिरीक्षक बाईंचा. उरलेला चित्रपट आपण पुरावा कसा लपवला जातो ते बघत राहतो.

असं चोरून चित्रण करणं 2013 च्या दुरुस्तीने दंड विधानाच्या 354-सी कलमाखाली गुन्हा ठरलं होतं (आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे). मुलगी अठराच्या आतली असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यात अशा चित्राची नुसती धमकीही गुन्हा आहे. बलात्काराच्या इराद्याने केलेला हल्ला रोखताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी कायदा स्वसंरक्षणाचा हक्क मानतो. हा हक्क दुसऱ्याला वाचवतानाही असतो. म्हणजे कोर्टात मांडायला अंजूची बाजू होती. आता समोर महानिरीक्षकांचा मुलगा, आणि चौकशीत चिमुरड्या अनूलाही मारणारा गायतोंडे! पोलिसात जा, हे खुर्चीत बसून सांगणं सोपं, हे मान्य. पण आई गयावया करते ती कोणी मरण्याच्या आधी. तेव्हा हातात फक्त एक चित्रफीत आहे, गुन्हा त्या मुलाचा आहे, आणि तरी लाजेने मान खाली यांची. आपल्याला थिएटरात हे खटकतही नाही, इतकं ते ओळखीचं आहे.

समुपदेशनाला येणाऱ्या मुलींचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं, "ताई, घरी सांगू नका." व्हिडिओपेक्षा त्यांना घरच्यांची धास्ती जास्त. फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील, घाईघाईने स्थळ बघतील. धमकावणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याचं हत्यार मोबाइल नाहीच, आपलं घर आहे. साळगावकरांच्या घरात अंजूला कोणी दोष देत नाही, ही या चित्रपटाची मला सर्वात आवडलेली गोष्ट. मात्र पुढचं सगळं बाप ठरवतो. मुलींच्या वाट्याला पढवलेली उत्तरं येतात. 2022 च्या दुसऱ्या भागात अंजूला फिट्स येताना दिसतात. पहिल्या भागातल्या विजयाची किंमत कोणी मोजली, ते तिथे कळतं.

तब्बूने केलेल्या मीरा देशमुखबद्दलही गटांमध्ये बोलायला हवं. अधिकारपदावरची बाई म्हणून आपल्याला तिचं कौतुक वाटायला लागतं, आणि तीच कोठडीतल्या मारहाणीला मुभा देते.

किशोरी गटात हा चित्रपट जरूर दाखवा. आई हात जोडते तिथे थांबवा आणि मुलींना विचारा, इथे तुमची आई काय करेल? पुढच्या वेळी तोच प्रसंग आयांना दाखवा. धमकीचे मेसेज पुसून टाकायचे नाहीत, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, हे दोन्ही गटांना सांगा. मुली आणि आया काय बोलल्या, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू, नावं न घालता.