गळ साहेबाचा, गुन्हा जाळ्याचा

१८९७ साली कलकत्त्यात लागोपाठच्या क्रमांकांचे दोन कायदे झाले. तिसऱ्या क्रमांकाचा साथरोगांचा. त्याच्या जोरावर पुण्यात रँडसाहेबाने घरोघर झडत्या घेतल्या आणि पुढे गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं ते शाळकरी पोरही सांगेल. चौथ्या क्रमांकाचा कायदा मात्र कुणाच्या लक्षात नाही. तो माशांचा. सुरुंग लावून मासे मारले तर दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. पाण्यात विष कालवलं तर तेच. आणि जमिनीत रोवून किंवा एका जागी बांधून ठेवलेली जाळी, पिंजरे, सापळे यांच्यावर सरकार म्हणेल तसे निर्बंध. एखाद्या पाण्यातली मासेमारी सरसकट दोन वर्षांपर्यंत बंद करण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारला होता. नाव-पत्त्याची खात्री पटली नाही तर पोलिसाने वॉरंटाशिवाय धरून न्यावं, अशी सोयही होती.

हा कायदा आणि त्याच्या आगेमागे थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी झालेले परवान्यांचे नियम यांची आज आठवण निघते ती बहुधा हळहळीच्या सुरात. काश्मीर नाहीतर कुलूची सहल करून आलेला माणूस सांगतो : तिथे ओढ्याचे हिस्से पाडलेले, त्यांना बीट म्हणतात, परवाना काढल्याशिवाय गळ टाकता येत नाही, दिवसाला सहा मासे, सातवा लागला तर सोडून द्यायचा, ठरलेल्या लांबीहून लहान असेल तोही सोडायचा, आणि थंडीत, मासा अंडी घालतो तेव्हा, सगळं बंद. मग तो पैठणच्या जायकवाडी धरणामागच्या नाथसागराकडे पाहतो. साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी, काठावर तंगूस जाळ्यांचे ढीग, टोपल्यांत वीतभरही न वाढलेले कटला-राहू. निष्कर्ष तयार असतो. साहेब गेला, शिस्त गेली. आता तीच परवाना पद्धत पैठणला आणा, हौशी गळवाले येतील, पर्यटन वाढेल, मासाही वाचेल.

हा पूर्वपक्ष वेडगळ नाही. बंद हंगाम, किमान लांबी, दिवसाची मर्यादा या तिन्ही गोष्टी माशाच्या जीवनक्रमाला धरून आहेत. चूक पुढे आहे. या नियमांनी कोणता मासा वाचवला, कुणासाठी वाचवला आणि कुणाला गुन्हेगार ठरवून वाचवला, हे हळहळणारा विचारत नाही.

ट्राउट इथली नव्हेच. १८६३ मध्ये फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत ती रुजवायचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी १८९९ मध्ये वाटेतच गेली. पुढच्या वर्षीची दुसरी खेप जगली, आणि मिचेल नावाच्या साहेबाने ती वाढवली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अव्हलांच इथे उबवणी केंद्र उभं राहिलं तेव्हा कुठे ट्राउट तिथे टिकली. एवढा खटाटोप कशासाठी? थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळा काढणाऱ्या साहेबाला गळाला झुंज देणारा, ओळखीचा मासा हवा होता म्हणून. पाणी विसाच्या वर तापलं की ट्राउटचे हाल सुरू होतात. ती मराठवाड्यात येणं शक्यच नव्हतं. पण जिथे आली तिथे ती आयता राखलेला पाहुणा झाली. ब्राउन ट्राउट लहान मासे खाणारी. तिच्यासाठी ओढे मोकळे केले गेले ते तिथल्या स्थानिक माशांच्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या वाट्यातून. विलायती मासा विलायती पद्धतीने पकडता यावा यासाठी केलेल्या बंदोबस्ताला संरक्षण म्हणायचं असेल तर क्रिकेटच्या खेळपट्टीला कुरण म्हणायला हरकत नाही.

निलगिरीत तर याचा क्रमच उलटा दिसतो. तिथला शिकार आणि मासे राखण्याचा कायदा १८७९ चा, म्हणजे ट्राउट टिकण्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधीचा. आधी कुंपण घातलं, त्यात टिकणारा मासा मागाहून मिळाला.

दुसरा समज असा की नेमाने मासे राखणं आपल्याला साहेबाने शिकवलं. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असा हुकूम आहे. रायगडात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. तिथल्या डोहांत देवाचे म्हणून मोठाले मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले, लोक त्यांना चुरमुरे टाकतात, गळ कुणी टाकत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहाचीही तीच कथा. मराठवाड्याला सर्वांत जवळचा दाखला मात्र कल्याणीचा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ. त्यात मत्स्यविनोद असं प्रकरणच आहे. गळ कसा, दोरी कसली, कोणत्या माशाला कोणतं आमिष, हे सगळं त्यात सांगितलं आहे, आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यातल्या माशांची ओळख पटवण्याचं काम केलं. एच. एस. थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ निघालं १८७३ मध्ये. म्हणजे साहेबाचं गळाचं पुस्तक दख्खनच्या राजाहून साडेसातशे वर्षांनी धाकटं.

पण इथे ‘सगळं आमच्याकडे होतंच’ म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. सोमेश्वराचा मत्स्यविनोदही राजाचा खेळ होता, कोळ्या-भोयांची चूल त्याच्या हिशेबात नव्हती. देवाचा डोह राखला जातो, त्याच्या खालच्या वळणावर काय चालतं ते देवही विचारत नाही. मुद्दा इतकाच की ठरावीक काळ, ठरावीक पाणी, ठरावीक मासा सोडून द्यायचा ही समज विलायतेहून आगबोटीने आलेली नाही.

खरी मेख आहे ती १८९७ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात. विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ पाण्यात टाकणं हा गुन्हा, पण केव्हा? तर मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या *हेतूने* टाकला तर. वाचताना हे साधं वाटतं. आता दोन माणसं समोर उभी करा. एक आदिवासी, उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात गेळफळाचा ठेचा कालवून पोराबाळांपुरते मासे काढणारा. दुसरा गिरणीचा किंवा साखर कारखान्याचा मालक, नदीत मळी सोडणारा. त्याच्या मळीने मैलभर मासा उलटा होऊन तरंगतो. पहिल्याचा हेतू उघड, त्याला दोन महिने. दुसऱ्याला मासे मारायचे नव्हते, त्याला फक्त मळी टाकायची होती. त्याचा हेतू सिद्धच होत नाही. कायद्याची भाषा अशी की जितका कमी मासा मारावा तितकं सापडणं सोपं!

धरणांचंही तेच. डे यांनी मासेमारीवरच्या आपल्या अहवालात आणि थॉमस यांनीही बंधाऱ्यांमुळे माशांच्या वाटा अडतात हे लिहून ठेवलं होतं. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा कॉटनसाहेबाने १८५२ मध्ये पुरा केला होता; समुद्रातून वर चढणाऱ्या हिलशाची वाट त्याने अडवली. १८९७ च्या कायद्यात मच्छीमाराच्या बांबूच्या सापळ्याची व्याख्या आहे, सरकारी बंधाऱ्यात माशासाठी पायऱ्या ठेवाव्यात असं बंधन नाही. डे यांच्या अहवालातला जो भाग मच्छीमाराविरुद्ध होता तो कायद्यात उतरला, जो पाटबंधाऱ्यांविरुद्ध होता तो अहवालातच राहिला.

आणि सुरुंग? डायनामाइटचं पेटंट १८६७ चं. नदीकाठच्या खेड्यात ते कुणी घरी शिजवत नव्हतं. रेल्वे, रस्ते, दगडखाणी यांच्या कामांतून ते लोकांच्या हाती आलं. त्यावर बंदी घातली हे चांगलंच झालं, ती बंदी आजही हवी. पण रोग आणणाऱ्यानेच औषधाचं श्रेय पाठीवर मिरवू नये.

छत्रपती संभाजीनगरचा माणूस इथे एक गंमत नोंदवू शकतो. हा कायदा ब्रिटिश इंडियाचा होता, औरंगाबाद जिल्हा निजामाचा. पैठणच्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, १८९७ ची ती शिस्त लागूच नव्हती. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. म्हणजे ‘साहेब गेला, शिस्त गेली’ हे वाक्य पैठणच्या बाबतीत इतिहास म्हणूनसुद्धा उभं राहत नाही. ती शिस्त इथे कधी नांदलीच नाही, मग जाणार कुठून? आणि तरीही १९७६ मध्ये जायकवाडी झाली तोवर गोदावरीला मासा होता.

नंतर काय झालं? सत्तावीस दरवाजांची भिंत उभी राहिली, वाहती नदी साचलं पाणी झाली. प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची जागा तळ्यात वाढवायच्या कटला, राहू, मृगळ यांनी घेतली. त्यांचं बीज केंद्रात तयार करून सोडावं लागतं. कुणी न बोलावता चिलापी घुसली. १९८६ मध्ये हेच पाणी पक्षी अभयारण्य झालं, म्हणजे एकाच लाटेवर वनखात्याचा, पाटबंधाऱ्याचा आणि मत्स्यव्यवसायाचा हक्क आला. काठावरच्या कहार-भोयांना यातला कोणता साहेब आपला, हे विचारायची वेळ रोजच येते. पाण्यावर तरंगत्या सौरपट्ट्या टाकायच्या योजनेविरुद्ध कहार समाजाची पंच कमिटी हरित लवादाकडून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२५ मध्ये तिथेही दाद लागली नाही. आणि वरून संभाजीनगर शहराचं सांडपाणी पोटात घेऊन, वाळूजच्या अंगाने येणारी खाम नदी याच जलाशयाला मिळते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मासे मारण्याच्या हेतूची अट ठेवली नाही हे खरं. पण तो कायदा दुसऱ्या खात्याच्या दप्तरी गेला. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोजणारा एक, पाण्याची बाटली भरून नेणारा दुसरा.

अशा पाण्यावर ट्राउटच्या धर्तीचे हौशी परवाने आणले तर काय होईल, याचा धडा दूर कावेरीत आहे, आणि त्यात महाराष्ट्राचाही हात आहे. कावेरीच्या काही पट्ट्यांत गळवाल्यांच्या संस्थेने पाणी भाड्याने घेऊन महसीर पकडायचा आणि सोडून द्यायचा अशी पद्धत बसवली. चोरटी मासेमारी कमी झाली, मोठे मासे दिसू लागले. पण तिथला मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मागे पडत गेला आणि त्याच्या जागी निळसर परांचा दख्खनी महसीर वाढला. हा आपला, साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेवरून नोंदवलेला. त्याचं बीज लोणावळ्याच्या टाटांच्या वळवण केंद्रात तयार होऊन देशभर गेलं. संशोधकांनी या दोन गोष्टींचा संबंध लावला. कुबडा महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. हेतू सगळ्यांचा उत्तम होता. गळाला जोरकस मासा लागतो आहे ना, एवढंच मोजलं गेलं. तो कोणता, हे मोजायला उशीर झाला.

मग नियम नकोतच का? जाळं टाकणारा तो सदैव भोळा, अशी उलटी भाबडी समजूतही तपासावी लागते. बारीक आसाचं तंगूस जाळं बोटुकली ओढून काढतं, हे काठावरच्या जुन्या मच्छीमारांइतकं कुणाला कळत नाही. सोसायटीचा ठेका नावाला एकाचा आणि चालवणारा व्यापारी दुसराच, हीही उघड गोष्ट. पहिल्या पावसात चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन निघतात तेव्हा नाल्याच्या तोंडाशी जाळी लावून बसणारे सगळे बाहेरगावचे नसतात.

म्हणून ट्राउटच्या नियमांतलं घ्यायचं ते त्यांचं गणित, त्यांची मालकी नव्हे. बंद हंगाम हवा, पण त्या काळातली चूलही हिशेबात धरून. याला नमुना आहे, आणि तो त्याच हिमाचलात आहे जिथली ट्राउट पाहून पर्यटक भारावतो. सतलजवरच्या गोविंदसागरात पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद असते आणि सहकारी सोसायट्यांच्या मच्छीमारांना त्या काळात मदत मिळते. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेतही बंदीच्या काळासाठी तरतूद आहे : मच्छीमाराचे दीड हजार, सरकारचे तीन हजार, मिळून साडेचार हजार. रक्कम पाहून हसू येतं, तरी तत्त्व मान्य झालेलं आहे. नाथसागरावर किमान आस ठरवा, पण लहान आसाचं जाळं जप्त करताना मोठ्या आसाचं हातात द्या. हौशी गळवाल्याला परवाना जरूर द्या. तो कहार-भोयांच्या सोसायटीमार्फत द्या आणि शुल्क तिच्याच खात्यात जाऊ द्या. पवईला गळवाल्यांची संघटना वर्षानुवर्षं तलाव सांभाळत आली आहे; हौस आणि राखण एकत्र नांदू शकतात, याला एवढा दाखला पुरेसा आहे. मालकी कुणाची, हा प्रश्न मात्र पवईत सुटला म्हणून पैठणला सुटत नाही. पवईच्या गळवाल्याची चूल त्या माशावर पेटत नाही.

उरला तो हेतूचा प्रश्न. नाथसागरातल्या मासेमारीचा कोणताही नवा नियम जाळ्यापासून सुरू झाला आणि खामच्या मुखापर्यंत पोचला नाही, तर तो १८९७ च्या पाचव्या कलमाचाच नातू ठरेल. जाळ्याच्या आसाची नोंद एका कार्यालयात आणि खामच्या पाण्याची दुसऱ्या कार्यालयात, ही दोन दप्तरं एका टेबलावर मांडायला विधानसभा लागत नाही. सोसायट्यांची माणसं समोर बसवून जिल्हाधिकाऱ्यांनी घेतलेली एक बैठक पुरते. ती मात्र मे महिन्यातच व्हायला हवी. पहिल्या पावसाबरोबर मासा चढू लागतो, आणि उन्हाळाभर नाल्यांत साचलेलं सगळं त्याच पाण्याबरोबर खाली उतरतं.