५८ आणि ९७०

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली की रुग्ण सुटला, असे आपण धरून चालतो. ते बव्हंशी खरेही आहे. पण रक्तावाचून तडफडलेल्या स्नायूत रक्त परतते त्या पहिल्या काही मिनिटांतच आणखी पेशी मरतात. साचलेले आम्ल धुऊन जाते, कॅल्शियमचा लोंढा आत येतो आणि इतका वेळ मिटून राहिलेले मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणातले छिद्र उघडते. मग मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटतात. हे छिद्र उघडू न देणारे औषध दवाखान्याच्या कपाटात आधीपासूनच होते: सायक्लोस्पोरिन. मूत्रपिंड बदलल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून देतात, तेच.

फ्रान्समधील डॉक्टरांनी ते ५८ रुग्णांवर आजमावले. स्टेंट बसवण्याआधी शिरेतून एक इंजेक्शन, बस्स. स्नायूची हानी घटली, असा निकाल २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि आशेला उधाण आले. निबंध नीट वाचणाऱ्याला मात्र तेव्हाच खटकायला हवे होते. हानी मोजायला रक्तातली दोन द्रव्ये तपासली होती. क्रिएटिन कायनेज ठळकपणे कमी आढळले; ट्रोपोनिनमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकला नाही. एमआरआय तर २७ जणांचाच होता.

मग तोच प्रयोग ९७० रुग्णांवर झाला; त्याचा निकाल २०१५ मध्ये आला. मृत्यू, हार्ट फेल्युअर बळावणे, त्यासाठी पुन्हा भरती व्हावे लागणे, हृदयाचा डावा कप्पा ताणला जाणे, यांपैकी काही ना काही वर्षभरात औषध घेतलेल्या ५९ टक्के रुग्णांना झाले. न घेतलेल्या ५८ टक्क्यांना. या वेळी औषधाचे मिश्रण वेगळे होते, असे म्हणून पाहिले गेले. इटलीत ४१० रुग्णांना जुनेच मिश्रण दिले, तिथेही फरक पडला नाही.

यात कौतुकाची बाब एकच, आणि ती मोठी आहे. लिआँचे मिशेल ओव्हिझ आणि त्यांचे सहकारी ५८ आणि ९७० रुग्णांच्या दोन्ही अभ्यासांत होते. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला त्यांनी स्वतःच मोठ्या परीक्षेला बसवले आणि नापासाचा निकाल त्याच नियतकालिकात छापला. पहिल्या बातमीला मिळालेली जागा दुसरीला देणारी वर्तमानपत्रे किती निघाली असतील, कोण जाणे.

प्रयोगशाळेत जमलेले माणसात का फसते? तिथला उंदीर तरुण असतो, त्याला मधुमेह नसतो आणि त्याची रक्तवाहिनी नेमकी किती वाजता बांधली हे वहीत लिहिलेले असते. माणूस साठीचा, साखर वाढलेला, आधीच चार गोळ्या पोटात असलेला. आणि तो येतो केव्हा? आपल्या देशातील २० हजारांवर रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीचा निष्कर्षही २००८ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांना रुग्णालय गाठायला ३६० मिनिटे किंवा त्याहून अधिक लागली होती. पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळायला साधारण ५०.

त्या सहा तासांत अ‍ॅसिडिटी समजून घेतलेला सोडा असतो, ‘सकाळी बघू’ असते, गाडीची शोधाशोध असते. शेवटच्या पाच मिनिटांच्या इंजेक्शनवर संशोधन व्हावे, जरूर व्हावे. पण तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता ईसीजी काढून तो वाचणारा माणूस हजर असावा, यासाठी मात्र कुठेच आशेला उधाण आलेले दिसत नाही.