एका खेपेचे चार मुक्काम

बैल अडला तर त्याला चुचकारता येतं, पाठीवरून हात फिरवता येतो, अगदीच जिवावर आलं तर शिवीही देता येते. ट्रॅक्टरला यातली फक्त शिवीच देता येते, आणि हंगामात आमच्या भीमाकाठी ती दिवसातून दहादा कानावर पडते.

शिरूरचा पूर्व भाग आणि दौंड यांच्यामधून भीमा वाहते. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना 2023-24 च्या हंगामात बंद राहिला आणि अलीकडच्या पुष्कळ उसाला लांबच्या गव्हाणी शोधाव्या लागल्या. वाट लांबली म्हणजे डिझेल जादा लागणार, एवढं सगळ्यांच्याच ध्यानात येतं. पण जुनी ट्रॉली दहा किलोमीटर कशीबशी जाते. तिसाव्या किलोमीटरला तिचं सगळं दुखणं बाहेर पडतं.

आमच्या शेजारच्या वस्तीवर नानांचा सव्वा एकर खोडवा होता. चिठ्ठी मिळाली, टोळी आली, पहाटेपासून कोयते चालले. दहाच्या सुमारास दोन्ही ट्रॉल्या भरल्या आणि ट्रॅक्टर सुरूच होईना. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला. गरम पाण्याचा तांब्या आणि ओंजळभर सोडा एवढंच काम होतं ते, पण ऐन घाईत कोण करतो? टोळीतल्या बाप्यांनी ट्रॅक्टर सोडवून ढकलला, तेव्हा कुठं धूर निघाला.

हा पहिला मुक्काम. दुसरा बांधावर झाला. रात्री शेजारच्या रानात पाणी चालू होतं, त्या ओलीत मागची ट्रॉली रुतली. ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, आणि जोराच्या हिसक्यात हुकाची पिन तुटली. मग पहारीचा तुकडा घालून भागवलं. हे असलं भागवणं फार वाईट. चढावर तो तुकडा निसटला तर वीस टनांचा बोजा मागं येतो, आणि मागं मोटारसायकलवर कुणाचा तरी पोरगा असतो.

तिसरा मुक्काम खरा खर्चाचा. न्हावऱ्याहून केडगाव-चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पारगावचा पूल अजून यायचा होता, तोच जळका वास सुटला. मागच्या ट्रॉलीचं चाक हात लावू देईना. बेअरिंग ग्रीसवाचून खलास झालेलं. जॅक लावला तर तो मातीत बुडाला, म्हणून खाली फळी घातली. तरी बोजा उचलेना, म्हणून निम्म्या मोळ्या रस्त्याकडेला उतरवल्या. नानांचा मुलगा मोटारसायकलवर केडगावला गेला. जुन्या बेअरिंगवरचा नंबर झिजून गेलेला. त्यानं अंदाजानं आणलेलं बसेना. परत गेला. येताना त्याचीच गाडी पंक्चर झाली. तीन तास इथंच गेले. दोनशे-पाचशेची वस्तू, पण तिचा नंबर कुणाला ठाऊक नाही, हे दुखणं आमच्याकडे घरोघरी आहे. ट्रॉलीच्या फाळक्यावर देवाचं नाव, मुलांची नावं, शेरोशायरी सगळं रंगवतात. त्याच रंगानं आतल्या बाजूला बेअरिंगचा आणि टायरचा नंबर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

दिवेलागणीला चौथा. टाकीतलं डिझेल तळाला गेलं आणि पाइपात हवा धरली. इथं मात्र ड्रायव्हर हुशार निघाला. त्यानं आधी टाकीत डिझेल ओतलं, मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिला. आधी बुडबुडे आले, मग सलग धार लागली. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. पुढं पंपावरही तसंच केलं. दहा मिनिटांत इंजिन बोललं. हे घरातल्या प्रत्येकाला यावं, मुलींनासुद्धा.

गाडीतळावर पोचले तेव्हा रात्र झाली होती, पुढं गाड्यांची रांग. काट्यावर नंबर लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

आता हिशेब पाहा. ऊस तुटला की त्यातलं पाणी उडायला लागतं आणि साखरही हळूहळू फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ऊन असेल तर आणखी लवकर. साखरेची घट कारखान्याच्या एकूण उताऱ्यात मिसळून जाते, कारण दर त्या सरासरीवर ठरतो. वजनाची घट मात्र ज्याचा ऊस त्याचीच. ड्रायव्हरला खेपेवर पैसे, ट्रॅक्टरमालकाला टनावर आणि अंतरावर, टोळीलाही टनावर. उभ्या गाडीचे पैसे कुणालाच नाहीत. म्हणून त्या दिवशी जो तो दुसऱ्यावर खेकसत होता, आणि माझ्या मते त्यात कुणाचीच फारशी चूक नव्हती.

रिकामा ट्रॅक्टर परत आला नाही म्हणून टोळी फडातच बसून राहिली. नाना दहाव्यांदा म्हणाले, "ऊस वाळतोय." त्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, ऊस वाळतोय ते दिसतंय तुम्हाला. ती लेकरं सकाळपासून उन्हात आहेत, त्यांचं काय?" आणि त्यांनी चूल पेटवून बेसन-भाकरी केली. गावाकडून उचल घेऊन आलेली ती माणसं. बसून काढलेल्या दिवसानं उचल फिटत नाही, हे वहिनींना सांगावं लागलं नाही.

जाता जाता एक राहिलं. बेअरिंग बसवताना मागच्या गाड्यांना कळावं म्हणून ड्रायव्हरनं रस्त्यावर डोक्याएवढे दगड आणि बाभळीची फांदी ठेवली होती. फांदीपेक्षा चमकती पट्टी बरी, पण ती ट्रॉलीला नव्हती. काम झालं, ट्रॅक्टर निघाला, आणि दगड तिथंच. नानांचा मुलगा मागून मोटारसायकलवर येत होता म्हणून त्याला ते दिसले. त्यानं उतरून एकेक उचलून चारीत टाकले आणि मगच तो पुलाकडे वळला.